ओंदक्के, एकी आणि एक पिवळी पट्टी

आपल्या भागातल्या शाळांची एक गंमत सांगते. मराठी शाळेतलं पोर करंगळी वर करून विचारतं, "बाई, एकीला जाऊ?" आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या कन्नड शाळेतलं पोर तीच करंगळी वर करून विचारतं, "टीचर, ओंदक्के?" शब्द दोन, पण हिशेब एकच: एक नंबर. राज्यांची वाटणी झाली, पाट्यांची झाली, पण करंगळीची वाटणी काही कुणाला करता आली नाही.

मोठेपणी मात्र ही करंगळी खाली जाते आणि शब्दही गिळला जातो. लघवी म्हणायला लाज, उच्चे म्हणायला त्याहून लाज. मग दोन्ही भाषांत एकच असलेला 'मूत्र' हा संस्कृत शब्द पुढे करायचा, तोही डॉक्टरांसमोर आणि आवाज खाली आणून. लॅबमध्ये नमुना द्यायचा असेल तर बाटली वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र पिशवीत आणि पिशवी पदराखाली. रक्त द्यायला माणूस बाही वर करून ऐटीत बसतो, पण या बाटलीचं नाव काढलं की आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी "साहेब, रक्तावरच काय ते बघा की" म्हणतात. मी इतिहासाची प्राध्यापिका, डॉक्टर नव्हे. पण गेल्या हिवाळ्यात बालाघाटला गेले होते, तिथे जे ऐकलं आणि परत आल्यावर जे वाचलं, विचारलं, त्यावरून हा विषय घरातल्या सगळ्यांसमोर मांडावासा वाटला.

बालाघाट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला बीड-धाराशिवकडची डोंगररांग आठवते. मी म्हणतेय तो बालाघाट वेगळा. मध्य प्रदेशातला जिल्हा, आपल्या गोंदियाच्या डोक्यावरचा, वैनगंगेच्या काठचा. नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. इंग्रजांनी १८६७ मध्ये त्याचा जिल्हा केला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा हा मागे मध्य प्रदेशात राहिला. ती तारीख आपल्यालाही चांगलीच पाठ आहे. त्यामुळे तिथल्या घरात पाऊल टाकलं की परकं वाटत नाही. माजघरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी आणि बैहरकडे वर चढलं की गोंडी. जीभ बदलत बदलत जगणं आपल्याला नवं थोडंच आहे?

माझी भाची तिथे दिली आहे. तिच्या डोहाळजेवणाला आम्ही गेलो होतो. जावई बैहर तालुक्यातल्या एका निवासी शाळेत शिक्षक आहेत. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता ते त्यांच्या एका विद्यार्थ्याविषयी सांगू लागले.

मुलगा तेरा वर्षांचा, गोंड कुटुंबातला, अभ्यासात बरा. पण वर्गात तासाला दोनदा करंगळी वर. शिक्षक वैतागले. वसतिगृहात तो रात्री अंथरूण ओलं करायचा. सकाळी त्याची सतरंजी वाळत घातलेली दिसली की बाकीची पोरं हसायची. तेरा वर्षांच्या मुलाला याची किती शरम वाटत असेल, विचार करा. मग देखरेख करणाऱ्यांनी आपल्याकडेही कुणी करील तोच उपाय केला. दिवस मावळल्यावर त्याला पाणी द्यायचं बंद केलं. वाईट हेतूने नव्हे, बिछाना कोरडा राहावा म्हणून.

त्या मुलाच्या ट्रंकेत एक कार्ड होतं. त्याला सिकलसेलचा आजार असल्याचं.

सिकलसेल हा शब्द आपल्या बेळगाव-सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात फारसा कानावर येत नाही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे मात्र तो घरोघरी माहीत आहे आणि कर्नाटकातही चामराजनगर, म्हैसूर, कोडगूकडच्या आदिवासींमध्ये हा आजार आहे. तांबड्या रक्तपेशी एरवी गोल असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक अशी शक्यता असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार हटवणं हे तिचं उद्दिष्ट. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही तिच्यात आहेत.

आता या आजाराचा आणि ओल्या अंथरुणाचा संबंध काय? मलाही तेव्हा कळला नव्हता. जावयांनी त्या मुलाला ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो कागद जावयांनी जपून ठेवला होता, तोच मला दाखवला.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत ओढून घेतं. या परत ओढण्यातलं लघवी घट्ट करण्याचं काम मूत्रपिंडाच्या आतल्या भागात चालतं आणि तो भाग मोठा खडतर आहे. क्षार भरपूर, प्राणवायू कमी. म्हणजे पेशींना विळा व्हायला अगदी सोयीची जागा. तिथल्या बारीक वाहिन्या लहानपणापासूनच तुंबत जातात आणि पाणी परत ओढण्याची ताकद कमी होते. मग लघवी पातळ आणि खूप होते. मुलगा आळशी नव्हता, घाबरट नव्हता, वर्गातून पळ काढायला करंगळी वर करत नव्हता. त्याचं शरीर पाणी धरूनच ठेवू शकत नव्हतं. आणि अशा मुलाचं पाणी तोडलं की रक्त घट्ट होतं, पेशी आणखी वाकतात आणि हातापायांत असह्य कळा सुरू होतात. थोडक्यात, सतरंजी वाळवण्यासाठी मुलाला आजारात ढकलणं चाललं होतं.

डॉक्टरांनी नुसतं एवढ्यावर थांबवलं नाही. त्यांनी मुलाला लघवी करायला लावली आणि त्यात एक पट्टी बुडवली.

ही पट्टी तुम्ही पाहिली असेल. प्लास्टिकची बारीक चीप, टोकाला कागदाचा चौकोन. प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो. लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असेल तर एका मिनिटात तो हिरवट होतो, जास्त असेल तर हिरवानिळा. डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून एक अधिक, दोन अधिक असं लिहायचं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन. रक्ताच्या एका लिटरमध्ये ते ३५ ते ५० ग्रॅम असतं. चांगली गाळणी त्याला पलीकडे जाऊच देत नाही. धडधाकट माणसाच्या दिवसभराच्या लघवीत ते ३० मिलिग्रॅमच्या आत राहतं. चहाच्या गाळणीतून पूड खाली यायला लागली की आपण ओळखतो, जाळी फाटली. इथे तेच. फरक इतकाच की ही जाळी दुकानात बदलून मिळत नाही.

त्या मुलाची पट्टी हिरवट झाली. एक अधिक.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. मूत्रपिंडाचं म्हटलं की आपण सगळे क्रिएटिनिनचा आकडा विचारतो. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना? मग झालं." पण क्रिएटिनिन हे उशिरा बोलणारं पाहुणं आहे. गाळण्यांची निम्मी ताकद जाईपर्यंत ते बऱ्याचदा मर्यादेच्या आतच दिसतं. सिकलसेलमध्ये तर ते आणखी फसवतं. या आजारात सुरुवातीची काही वर्षं गाळण्या गरजेपेक्षा जास्त जोरात चालतात, त्यामुळे क्रिएटिनिन उलट कमीच येतं आणि रिपोर्ट वाचणारा निर्धास्त होतो. आतली जाळी मात्र त्या जोरानेच झिजत असते. ती झीज पहिल्यांदा दाखवतं ते लघवीतलं अल्ब्युमिन. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये सांगून ठेवलं की सिकलसेलच्या मुलांची लघवी दहाव्या वर्षापासून दर वर्षी प्रोटीनसाठी तपासावी. बैहरच्या मुलाची ती तेराव्या वर्षी पहिल्यांदा तपासली गेली, तीही जावयांना शंका आली म्हणून.

एका पट्टीवर निकाल लावत नाहीत हेही मला तिथेच कळलं. ताप आला असेल, आदल्या दिवशी खूप पळापळ झाली असेल, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग असेल तरी पट्टी हिरवी होऊ शकते. बायकांच्या पाळीच्या दिवसांत नमुना दिला तरी घोळ होतो. काही वाढत्या वयाच्या मुलांत तर दिवसभर उभं राहिल्याने प्रोटीन उतरतं आणि सकाळी उठल्याबरोबरच्या लघवीत नावालाही नसतं. तो आजार नव्हेच. उलट माणूस तांब्याभर पाणी पिऊन आला तर लघवी इतकी पातळ होते की खरं प्रोटीनही पट्टीला दिसत नाही. यावर उपाय म्हणून त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन मोजतात आणि अल्ब्युमिनचं त्याच्याशी प्रमाण काढतात. क्रिएटिनिन शरीरातून रोज साधारण सारख्याच मापाने बाहेर पडतं, त्यामुळे लघवी पातळ असो की घट्ट, प्रमाण फारसं हलत नाही. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर म्हणजे जोरात. रिपोर्टवर याला पुष्कळदा 'मायक्रोअल्ब्युमिन' असं लिहितात. नाव फसवं आहे. अल्ब्युमिन काही लहान नसतं, फक्त थोडं असतं.

त्या मुलाचे आणखी नमुने घेतले, सकाळचे पहिले, काही आठवड्यांच्या अंतराने. प्रमाण दोन्ही वेळा ३० च्या वर आलं. मग सिकलसेलच्या औषधाबरोबर एक रक्तदाबाची गोळीही सुरू झाली. मुलाचे वडील गोंधळले. पोराला रक्तदाब नाही, मग गोळी कशाला? ही गोळी गाळणीच्या आतला दाब उतरवते, त्यामुळे प्रोटीन गळणं कमी होतं, असं जावयांनी त्यांना गोंडी येणाऱ्या शिपायाकरवी समजावलं. आणि एक ताकीद मिळाली. कळा आल्या की गावातल्या दुकानातून कुठलीही वेदनाशामक गोळी आणून द्यायची नाही. त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला मारक असतात. सिकलसेलच्या मुलाला कळा वारंवार येतात, गोळ्या वारंवार दिल्या जातात आणि आधीच फाटत चाललेली जाळी अधिक फाटते. मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीत ही ताकीदच सगळ्यांत मोलाची. आपल्याकडेही गुडघेदुखीसाठी रोज एक 'पेनकिलर' घेणारी आजी दर तिसऱ्या घरात सापडेल.

आता पाणी त्याच्या उशाशी असतं. अंथरूण अजून कधीकधी ओलं होतं. जावई म्हणाले, रात्री दोन वाजता त्याला उठवायची पाळी त्यांनी मोठ्या मुलांत वाटून दिली आहे आणि पोरं ती आनंदाने करतात.

परत आल्यावर माझ्यातली इतिहासाची शिक्षिका गप्प बसेना. लघवीत पाहण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. योगरत्नाकरात लघवीवर तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते पाहण्याची परीक्षा आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसने लघवीवर बुडबुडे राहिले तर मूत्रपिंडाचा लांबणारा आजार समजावा असं लिहून ठेवलं. निरीक्षण म्हणून हे सगळं थोर आहे, पण अभिमानाच्या भरात तेलाच्या थेंबाला अल्ब्युमिनची तपासणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. थेंब ते सांगत नाही.

खरी सुरुवात स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. लघवी तापवली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं काही गोठतं, हे इटलीच्या कोतुन्यो या वैद्याने अठराव्या शतकातच पाहिलं होतं. पण लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने १८२७ मध्ये त्याची पुढची गाठ मारली. अंगावर सूज असलेले रोगी, त्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली की गढूळ होते, आणि मरणोत्तर त्यांची मूत्रपिंडं पाहिली की ती आजारी निघतात. सूज, लघवी आणि मूत्रपिंड अशी तीन टोकं त्याने एकत्र बांधली. चमचा आणि मेणबत्ती, बस्स! त्याच रुग्णालयात जॉन लीव्हर याने १८४३ मध्ये बाळंतपणात झटके आलेल्या बायकांची लघवी अशीच तपासली आणि तिच्यात अल्ब्युमिन सापडलं. पुढे परीक्षानळीत लघवी तापवून त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायची पद्धत रूढ झाली. गढूळपणा विरला तर तो क्षारांचा, टिकला तर प्रोटीनचा. अल्ब्युमिनची पट्टी १९५७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि मेणबत्ती विझली.

लीव्हरच्या त्या बायकांवरून भाचीकडे येते. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रोटीन उतरू लागलं, तर ती आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याची खूण. दुर्लक्ष झालं तर झटके येतात. म्हणून दर तपासणीला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर पाहायची असते आणि गरोदर बाईच्या कार्डावर त्याचा रकाना छापलेला असतो. कर्नाटकात याला तायी कार्ड म्हणतात. तायी म्हणजे आई. आमच्याकडच्या मराठी बायका बिनदिक्कत 'ताई कार्ड' म्हणतात आणि आईची बहीण करून टाकतात. कार्ड कुठल्याही भाषेतलं असो, ते उघडून तो एक रकाना पाहा. तिथे रेघ मारलेली असेल किंवा मोकळाच असेल तर नर्सताईंना विचारायला लाजू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते, २०१६ पासून. भाचीच्या कार्डावर दर वेळी 'निल' लिहिलेलं होतं. तिच्या सासूबाईंना वाटलं होतं, काहीतरी कमी पडतंय. "निल म्हणजे हिच्यात काही नाहीच का?" मग त्यांना सांगावं लागलं की संसारात एवढी एकच गोष्ट आहे जी 'काही नाही' असली की पेढे वाटावेत.

मात्र केवळ निल आहे म्हणून डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ यांकडे काणाडोळा करू नये. रक्तदाब वाढून प्रोटीन नसतानाही हा आजार असू शकतो, हे आता डॉक्टर मानतात.

लहान मुलांचं एक लक्षण आपल्या दोन्ही भाषांतल्या आज्यांना बरोबर ओळखता येतं. सकाळी उठलेल्या पोराकडे बघून एक आजी म्हणते, "डोळे सुजलेत गं याचे," आणि दुसरी म्हणते, "मारी बातैती." दुपारपर्यंत चेहरा उतरतो आणि पाय सुजतात. पोरगं जाड झालंय म्हणून घरचे खूश. प्रत्यक्षात लघवीतून प्रोटीन इतकं वाहून जात असतं की रक्तात पाणी धरून ठेवायला उरत नाही आणि ते अंगात साठतं. लघवीला साबणासारखा फेस येतो, आपल्या कन्नड आजीच्या भाषेत 'नोरे'. यातली बहुतेक मुलं औषधाने बरी होतात, पण आजार उलटतो. म्हणून डॉक्टर आईच्या हाती पट्ट्यांची डबी आणि वही देतात. रोज सकाळी पट्टी बुडवायची आणि वहीत लिहायचं. शाळा न शिकलेल्या बाईने अशी वही महिनोन्‌महिने ठेवलेली मी पाहिली आहे. तारीख कन्नड आकड्यांत आणि पुढे अधिकची खूण. आमच्या पदवीच्या मुलांच्या वह्या इतक्या नीट असत्या तर!

राहिला मधुमेह, आपल्या घरोघरचा पाहुणा. तो मुक्कामाला आला की मूत्रपिंडाच्या जाळीवर हळूहळू परिणाम करतो आणि अनेक वर्षं काहीही दुखत नाही. दुखत नाही हीच अडचण. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झालं त्याच वर्षी आणि मग दर वर्षी ते प्रमाण तपासावं, असा नियम आहे. पण साखर तपासणारे खूप, प्रमाण तपासणारे थोडे. "शुगर किती?" हा आपल्या लग्नकार्यातला आवडता प्रश्न झालाय. "अल्ब्युमिन किती?" असं कुणी कुणाला विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. गळती सुरुवातीलाच कळली तर ती रोखण्याच्या गोळ्या आहेत. त्यातली डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये पेटंट संपल्यावर आपल्याकडे बरीच स्वस्तही झाली. कुणाला कुठली गोळी हे डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात त्या रक्तदाबाच्या गोळ्या चालत नाहीत, हेही तेच सांगतील.

आमच्या वाणिज्य शाखेतल्या एका सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, पट्टी हिरवी झाली नाही म्हणजे सगळं ठीक ना?" नाही. पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिनच दिसतं. हाडांतल्या मज्जेच्या एका कर्करोगात वेगळंच प्रोटीन उतरतं, ते तापवलं की गोठतं आणि आणखी उकळलं की विरघळतं. १८४५ मध्ये लंडनच्या हेन्री बेन्स जोन्सकडे अशा लघवीची नळी पाठवून 'हे आहे तरी काय' असं विचारलं होतं. त्याचंच नाव त्या प्रोटीनला मिळालं. पट्टीला ते बहुधा कळत नाही, वेगळी तपासणी लागते. आणि धडधाकट माणसाच्या लघवीतही प्रोटीनं थोडी थोडकी नसतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी यंत्रावर मोजली तेव्हा पंधराशेच्या वर निघाली! त्यांतलं बरंचसं रक्तातलं नव्हे, मूत्रपिंडातलंच. त्यांच्या कमीजास्त होण्यावरून आजार आधीच ओळखता येतील का, यावर जगभर काम चाललं आहे. ते यंत्र बालाघाटला किंवा आपल्या गावी कधी पोचेल ते पोचो. पट्टी आजच मिळते आणि तिची किंमत रुपयांत मोजावी इतकीच आहे.

तर या सगळ्या वाचनाचा पहिला प्रयोग घरातच झाला. आमचे मामंजी सोळा वर्षांचे मधुमेही, घरात कन्नड बोलणारे, निवृत्त मुख्याध्यापक. साखर दर महिन्याला तपासतात आणि वहीत लिहितात. बाटलीचं नाव काढल्यावर मात्र दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी स्वतःच नमुना भरला, बाटली आधी कन्नड पेपरात गुंडाळली, मग सासूबाईंच्या मराठी पेपरात, आणि लॅबवाल्याच्या हातात देताना म्हणाले की सुनेचं काहीतरी कॉलेजचं काम आहे. संध्याकाळी रिपोर्ट आला. प्रमाण २८. मी सांगितलं, तीसच्या आत आहे. त्यांनी चष्मा वर केला, आयुष्यभर पस्तीसला पास करत आलेला माणूस.

"अंद्र ना पास अल्लेनवा?"

"पास. पण काठावर. पुढच्या वर्षी परत पेपर आहे."

"सिलॅबस तोच?" मामंजींनी मराठीत विचारलं आणि रिपोर्टला भोक पाडून फाइलला लावला.